सातव्या प्रश्नाचं उत्तर

सोनकांबळे मॅडम वर्गात आल्या की हजेरी घेत नसत. आधी खांद्यावरची कापडी पिशवी टेबलावर उलटी करत. पिशवीतून बत्तीस छोटे रिमोट खडखडत बाहेर पडायचे. टीव्हीच्या रिमोटपेक्षा लहान, प्रत्येकावर चार बटणं, ए, बी, सी आणि डी. पाठीमागं दवाखान्यात लावतात तसली चिकटपट्टी आणि तिच्यावर पेनानं लिहिलेला नंबर. आम्ही रांगेनं पुढं जायचं आणि हाताला येईल तो उचलायचा. आज माझ्याकडे अकरा नंबर असला तर उद्या एकोणतीस. त्यामुळे कुणी काय दाबलं हे शेजारणीला कळत नसे, आणि मॅडमनाही.

हे रिमोट कॉलेजनं पूर्वी कुठल्याशा योजनेतून घेतले होते आणि ते विभागाच्या कपाटात खोक्यासकट पडून होते. मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे दर वर्षी नव्यानं मुलाखत, आणि नाव यादीत लागलं तरच तास. त्या अहमदपूरहून यायच्या. आठवड्यातले चार दिवस नांदेडला आमच्याकडे, उरलेले दोन दिवस उलट्या दिशेनं लातूरच्या एका कॉलेजात. स्टाफरूममध्ये त्यांना टेबल नव्हतं. कपाटाला टेकून ठेवलेल्या एका स्टुलावर त्या बसायच्या. म्हणूनच बहुतेक ते खोकं त्यांच्या नजरेस पडलं. टेबलावर बसणाऱ्यांची कपाटाकडे पाठ होती.

मी मुखेड तालुक्यातल्या एका खेड्यातली. घरची शेती आहे, आणि आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. त्यामुळे कॉलेजात कसं शिकायचं असतं हे सांगणारं घरी कुणी नव्हतं. मी माझ्या समजुतीनं एक पद्धत काढली होती. गणिताची सिद्धता पाठ करायची. इंग्रजी पुस्तकातल्या 'लेट'पासून शेवटच्या 'हेन्स प्रूव्ड'पर्यंत, स्वल्पविरामासकट. पहिल्या वर्षी अंतर्गत परीक्षेत मला वीसपैकी एकोणीस मिळाले. माझ्या पद्धतीत काही चुकतंय असं मला वाटण्याचं कारणच नव्हतं.

दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या तासाला मॅडमनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं: दोन विषम संख्यांची बेरीज सम असते. मग खाली चार ओळी लिहिल्या. पहिली विषम संख्या 2k + 1. दुसरी विषम संख्या 2k + 1. दोन्हींची बेरीज 4k + 2. तिला दोनानं भाग जातो, म्हणून ती सम आहे. खाली पर्याय होते. ए म्हणजे सिद्धता पूर्ण बरोबर, बी म्हणजे दुसरी ओळ चूक, सी तिसरी, डी चौथी. आठवीच्या पोराला येईल असं गणित बघून मागं बसलेला किनवटचा बालाजी म्हणाला, मॅडम आम्हाला सातवी-आठवीपासून धरणार दिसतंय. आम्ही हसलो आणि बटणं दाबली. फळ्याशेजारच्या पडद्यावर मतांचा एकच खांब उभा राहिला. एकतीस जण होतो, एकतीसही जणांनी ए दाबलं होतं.

मॅडम त्या खांबाकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, तीन आणि पाच या विषम संख्या आहेत ना. आम्ही हो म्हणालो. पहिल्या ओळीत तीन बसवा, k किती आला? एक, आम्ही एका सुरात सांगितलं.

"आता दुसऱ्या ओळीत पाच बसवा," मॅडम म्हणाल्या.

आम्ही वहीत मांडून बघितलं. पाच बसवायला k दोन लागतो, आणि k तर आम्ही एक धरून बसलो होतो. त्या चार ओळींत दोन विषम संख्यांची बेरीज नव्हतीच. एकाच संख्येत तीच संख्या मिळवली होती. एकतीस जण बारावी सायन्स पास झालेले, आणि एकालाही ते दिसलं नव्हतं. चूक छोटी होती. पण इतकी वर्षं मी ज्याला कळणं म्हणत होते ते काय होतं, असा प्रश्न पहिल्यांदा मनात आला आणि त्याची भीती वाटली.

"एकतीस जणायनी मान हालवली म्हणून पाचाचे तीन व्हत न्हाईत," मॅडम शांतपणे म्हणाल्या आणि फळा पुसला.

त्या अशाच बोलायच्या. एम.एस्सी., सेट झालेल्या, पण बोलणं अहमदपूरचं. शहरातल्या काही मुली सुरुवातीला त्यांच्या 'कामून'ला तोंडावर ओढणी धरून हसत. एखाद्या ओळीवर बोट ठेवून मॅडम "कामून?" विचारायच्या, म्हणजे का, कशाच्या आधारावर. महिन्याभरात हसणाऱ्या मुलीच एकमेकींच्या वहीवर बोट ठेवून कामून विचारायला लागल्या.

त्यांची शिकवण्याची रीत अशी होती. आम्ही घरून लिहून आणलेल्या सिद्धता त्या गोळा करायच्या. त्यातली एक निवडून, नाव न सांगता, स्वतःच्या अक्षरात पडद्यावर घ्यायच्या आणि ओळींना नंबर द्यायच्या. वरच्या ओळीवरून जी ओळ निघत नाही अशी पहिली ओळ कोणती, ते बटण दाबून सांगायचं. खांब दिसले की त्या उत्तर सांगत नसत. आता शेजारणीला पटवा, म्हणायच्या. वर्गात बाजार भरल्यासारखा गलका व्हायचा. मग पुन्हा बटणं, आणि खांब हललेले दिसायचे.

शबाना माझ्या शेजारी बसायची. नांदेडचीच, बोलण्यात माझ्या दहा पावलं पुढं. ती मला हमखास पटवायची. एकदा आम्ही दोघींनी मिळून चुकीचं उत्तर दाबलं, तेव्हा मॅडमनी मला विचारलं की तू तुझं उत्तर का बदललंस. मी म्हणाले, शबाना फार खात्रीनं सांगत होती.

"तिच्या तोंडाकडं बघून पटलीस व्हय," मॅडम म्हणाल्या. "कागदाकडं बघून पटायला पायजे. उद्या तुझा पेपर तपासणाऱ्याम्होरं शबाना थोडीच हुबी ऱ्हानार हाय."

"मैं रहूँगी ना मॅडम, रिक्षा करके आऊँगी," शबाना म्हणाली, आणि मॅडमनाही हसू आलं.

त्यांचं आणखी एक वाक्य मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं होतं: "ओळ म्हंजी पायरी. मधली गाळून तू वर गेलीस तर तू गेलीस, वाचणारा खालीच हुबा हाय." मला ते वाक्य आवडायचं. पण आवडणं आणि जमणं यात फार अंतर होतं. एके दिवशी पडद्यावर माझी सिद्धता आली. माझी शब्दरचना मी लगेच ओळखली. सत्तावीस जणांनी तिसरी ओळ दाबली. सगळ्यांनी मिळून माझ्या तिसऱ्या ओळीचे तुकडे केले, आणि ती कुणाची हे फक्त मला आणि मॅडमना माहीत होतं. मी मान खाली घालून इतरांबरोबर तिसरीचंच बटण दाबलं.

पुढच्या अंतर्गत परीक्षेत मॅडमनी पुस्तकातली एकही सिद्धता विचारली नाही. नवी विधानं दिली. मला वीसपैकी सहा मिळाले. हे मी घरी फोनवर सांगितलं तेव्हा बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी हळूच विचारलं, होस्टेलचं काय होईल. होस्टेलची खोली गुणांच्या यादीवर मिळायची, आणि गावाहून रोज जाऊन-येऊन कॉलेज करणं शक्य नव्हतं. खोली गेली तर शिक्षण संपलं, एवढं ते सरळ होतं. दुसऱ्या तुकडीला जुने सर शिकवायचे, पुस्तकातलंच विचारायचे आणि तिथं सतरा-अठरा पडत होते. विद्यापीठाचा पेपरही पुस्तकातूनच यायचा. त्या आठवड्यात मी मॅडमशी नीट बोलले नाही.

आता तो शनिवार.

शनिवारी शेवटच्या तासाला अर्धा वर्ग गावी जायच्या तयारीत असतो. बॅगा दाराशी लावलेल्या असतात. बालाजीची किनवटची गाडी होती, माझी मुखेडची बस होती. त्या तासाला मॅडमऐवजी विभागप्रमुख सर आले. सर चांगले होते, हे मला आधीच सांगायला हवं. ते म्हणाले, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांसाठी विद्यार्थ्यांचा अभिप्राय घ्यायचा आहे, यंदा नमुना नवीन आहे, दहा प्रश्न, आणि आपल्याकडे मशीन आहेच तर तिच्यावरच घेऊन टाकू. नियमाप्रमाणे मॅडमना बाहेर थांबवलं होतं. सरांनीच पिशवी उलटी केली.

अभिप्राय म्हणजे काय हे आम्हाला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. कागदाचा फॉर्म यायचा, पहिला पर्याय 'उत्तम' असायचा आणि सगळ्यांनी सगळीकडे पहिल्याच चौकटीत खूण करायची. कॉलेजात अभिप्राय तसाच भरतात. वाचून भरला तर वर्गप्रतिनिधी ओरडायचा की सगळे फॉर्म तुझ्यापायी अडलेत. पडद्यावर पहिला प्रश्न आला तेव्हा बालाजी मागून म्हणाला, "सगळीकडं ए दाबा अन् निघा. लई भारी मॅडम हायेत आपल्या." त्यानं ते मनापासून म्हटलं होतं. बटणांचा टकटक आवाज झाला. एक प्रश्न, टकटक. दुसरा, टकटक. तीन मिनिटांत दहा प्रश्न संपले.

एकापाठोपाठ प्रश्न घेतले की हे मशीन सगळे खांब शेवटी एकदम दाखवायचं. दहा प्रश्नांचे दहा उंच खांब, सगळे ए वर. वर्गात कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली. मग शबानानं डोळे बारीक करून खांबाखालची अक्षरं वाचली.

"ए, कधीच नाही," ती म्हणाली. मग तिचा आवाज एकदम खाली गेला. "अरे, ये तो उल्टा है."

नव्या नमुन्यात क्रम उलटा होता. ए म्हणजे कधीच नाही, बी म्हणजे क्वचित, सी बहुतेक वेळा आणि डी नेहमी. शिक्षक नियमित वर्गात येतात का, कधीच नाही. शंकांचं निरसन करतात का, कधीच नाही. विद्यार्थ्यांशी आदरानं वागतात का, कधीच नाही. एकतीस जणांनी. वर्षभर ओळ वाचल्याशिवाय बटण दाबू नका म्हणणाऱ्या बाईंबद्दल आम्ही एकही ओळ न वाचता बटण दाबलं होतं. सर चष्मा काढून पडद्याजवळ गेले, जणू जवळून बघितलं तर खांब वेगळे दिसतील. अहवाल तोवर आपोआप प्राचार्यांकडे गेला होता. बालाजी बॅग खांद्याला लावून दारात उभा होता, पण तो गेला नाही. त्याची गाडी चुकली.

सरांना आम्ही गराडा घातला. पुन्हा घ्या म्हणालो. सर म्हणाले, निकाल बघून झाल्यावर पुन्हा मत घेतलेलं कोण मान्य करील? पण तुम्ही लेखी अर्ज द्या, ही उत्तरं खोटी का मानायची ते नीट दाखवा, मी तो वर पाठवतो. मॅडमची पुढच्या वर्षीची नेमणूक या अहवालावरच ठरायची आहे, एवढंही त्यांनी सांगितलं.

सोमवारी मॅडम आल्या तेव्हा त्यांना सगळं कळलेलं होतं. स्टुलावरच्या माणसाला अशा बातम्या आधी कळतात. बालाजी उभा राहून म्हणाला, मॅडम, शनिवारी आमच्याकडून... मॅडमनी पिशवी उलटी केली आणि म्हणाल्या, "रिमोट उचला. आजची सिद्धता चार ओळीची हाय." तास रोजच्यासारखा झाला. त्या रागावल्या असत्या, रडल्या असत्या तर मला इतकं घाबरायला झालं नसतं.

अर्ज मी लिहायचा असं ठरलं, कारण माझं अक्षर चांगलं. होस्टेलच्या खोलीत मी दोन दिवस तो लिहीत होते. आणि लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की मी सिद्धता लिहिते आहे. पाठ केलेली नाही, माझी स्वतःची. तिच्या पाच ओळी अशा होत्या. एक, तांत्रिक अडचणीमुळे अभिप्रायाची उत्तरे चुकीची नोंदली गेली आहेत. दोन, समजा ही सर्व उत्तरे खरी आहेत. तीन, मग पहिल्या प्रश्नाच्या उत्तरानुसार मॅडम वर्गात कधीच आल्या नाहीत. चार, परंतु तासिका नोंदवहीत मॅडमच्या सर्व तासांच्या सह्या आहेत, म्हणजे ही विसंगती झाली. पाच, म्हणून सर्व उत्तरे खोटी आहेत आणि अभिप्राय रद्द करावा.

एकतीस सह्या झाल्या. शबाना म्हणाली, "क्या लिखा है रे, एकदम वकील." मला इतका आनंद झाला होता की सरांना देण्याआधी तो मॅडमना दाखवावा असं वाटलं. मी कपाटाजवळ गेले. मॅडम स्टुलावर बसून डबा खात होत्या. हात धुऊन, पदराला पुसून त्यांनी कागद घेतला. दोनदा वाचला. मग कानामागचं लाल पेन काढलं आणि पाचव्या ओळीखाली रेघ ओढली.

"कामून?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं त्या चेष्टा करताहेत. मी म्हणाले, मॅडम, विसंगती आली ना चौथ्या ओळीत.

"आली की. म्हंजी सगळी उत्तरं खरी न्हाईत, एवढं निघालं. एक तर खोटं हाय. बाकीच्या नऊचं काय?"

मी पाचवी ओळ पुन्हा वाचली. त्यांचं म्हणणं खरं होतं. नोंदवहीनं फक्त पहिलं उत्तर खोटं पाडलं होतं. पण हा अर्ज त्यांच्यासाठी होता, त्यांची नेमणूक त्याच्यावर होती, आणि त्या तो वर्गातल्या कुठल्याही वहीसारखा तपासत होत्या. मी अडखळत म्हणाले, मॅडम, हे तुमच्यासाठी आहे, वर कुणी एवढं बारीक बघणार नाही.

"मी बघून राहिले ना," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "अन् हे तांत्रिक अडचण काय हाय? मशीननं काय केलं बिचारीनं? तुम्ही जे दाबलं ते तिनं दावलं. तुम्ही न वाचता दाबलं, हे कुठं लिवलंस?"

लिहिलं नव्हतं. ते लिहिलं तर आमचीच चूक दिसली असती.

आता मला एक गोष्ट सांगायला हवी. ती मी इथवर लिहिली नाही, कारण लिहायला हात धजत नव्हता. बाकीच्या नऊचं काय, असं मॅडमनी विचारलं तेव्हा तो शनिवार मला आठवला. सातव्या प्रश्नाला सरांच्या लॅपटॉपला काहीतरी झालं होतं आणि प्रश्न जरा जास्त वेळ पडद्यावर राहिला होता. शिक्षकांनी शिकवलेले परीक्षेसाठी उपयोगी पडते का? तो मी वाचला होता. पर्यायही वाचले होते. ए म्हणजे कधीच नाही हे मला त्या क्षणी दिसलं होतं. माझ्या डोळ्यांपुढं वीसपैकी सहा आले, बाबांचा फोनवरचा तो न बोलणारा आवाज आला, आणि मी ए दाबलं. समजून दाबलं. आठवा प्रश्न आल्यावर मी पुन्हा सगळ्यांसारखी न वाचता टकटक केली, आणि बाकीचे प्रश्नही उलटे असतील हा विचार मनात येऊ दिला नाही. खांब दिसले तेव्हा सगळ्यांबरोबर मलाही धक्का बसला, तो खोटा नव्हता. पण सगळी उत्तरं खोटी आहेत असं लिहिताना मला माहीत होतं की त्यातलं एक, निदान माझं, खरं आहे.

मी मॅडमना काहीच सांगितलं नाही. कागद घेऊन निघाले.

त्या संध्याकाळी मी नवा कागद घेतला. त्यावर फक्त माझ्याबद्दल लिहिलं. मी नऊ प्रश्न न वाचता ए दाबले, कारण पहिला पर्याय उत्तम असतो अशी आमची सवय होती. त्या नऊ प्रश्नांना माझी खरी उत्तरे डी आहेत. सातवा प्रश्न मी वाचला होता. त्याचे ए हे उत्तर मी विचार करून दिले. खाली सही केली. शबानाला दाखवलं तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली. पागल झालीस का, म्हणाली, तेवढी एक ओळ खोड. मी नाही खोडली. रात्रभर मात्र खोडावी असंच वाटत होतं. सकाळी तिनं तिचा स्वतःचा कागद लिहून आणला. तिनं दहाही प्रश्न वाचले नव्हते, तसं लिहिलं. मग एकेकानं लिहिलं. एकोणीस कागद झाले. बाकीच्यांना वाटलं की चूक लिहून दिली तर आपल्यावर काहीतरी येईल. एकोणीसमध्ये आणखी तिघांनी लिहिलं होतं की सातवा प्रश्न आम्ही वाचला होता. मला वाटत होतं मी एकटीच आहे.

सरांनी गठ्ठा वर पाठवला. काही दिवसांनी त्यांनी मला बोलावून सांगितलं की तुमचे कागद मान्य झाले. नऊ प्रश्न बाद केले. मी जवळजवळ हसलेच. मग ते म्हणाले, सातवा ठेवला, कारण तो मुलांनी विचार करून दिल्याचं मुलांनीच लिहून दिलंय.

जूनमध्ये नव्या वर्षाची यादी फलकावर लागली. सोनकांबळे मॅडमचं नाव नव्हतं. मी यादी वरून खाली आणि खालून वर वाचली. सरांकडे गेले तर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी बोललो गं. पण शिकवलेलं परीक्षेला उपयोगी नाही असं मुलंच म्हणतात, यावर मी काय बोलणार?" माझी होस्टेलची खोली राहिली होती. विद्यापीठाच्या पेपरात पाठ केलेलंच आलं होतं आणि मला चांगले गुण पडले होते. त्या खोलीत मला बरेच दिवस नीट झोप लागली नाही.

मॅडमना फोन करायचं धाडस मला झालं नाही. दिवाळीच्या आधी एका परीक्षेचं केंद्र लातूरला आलं होतं. ती देऊन परत येताना मुखेडची गाडी बदलायला मी अहमदपूरच्या स्टँडवर उतरले, आणि समोरच्या बाकावर मॅडम बसलेल्या दिसल्या. मांडीवर वह्यांचा गठ्ठा. मला मागं फिरावंसं वाटलं, पण त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी वह्या उचलून जागा केली आणि विचारलं, पेपर कसा गेला, जेवलीस का.

मी बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. सातवा प्रश्न मी वाचला होता. माझ्या कागदानंच तुमचं नाव गेलं. मी ती ओळ खोडायला हवी होती.

मॅडम ऐकत होत्या. त्यांनी सांगितलं की सगळे कागद सरांनी त्यांना तेव्हाच दाखवले होते. म्हणजे शेवटचा महिनाभर त्या आम्हाला शिकवत होत्या तेव्हा त्यांना माहीत होतं. माझी वही तपासताना, मला नीट समजावून सांगताना माहीत होतं.

"खोडली असतीस तर मी तुला काय शिकिवलं मंग?" त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "वाईट वाटलं मला. दोन दिवस जेवण गेलं न्हाई. पण वाईट वाटलं म्हणून तुझी ओळ चुकीची ठरत न्हाई."

मग एकदम आठवल्यासारखं त्यांनी सांगितलं की माझा तो पहिला अर्ज, लाल रेघेच्या आधीचा, त्यांनी आठवणीनं लिहून लातूरच्या वर्गाला घातला. नाव काढून, ओळींना नंबर देऊन. मला कानकोंडं झालं. कुणाला सापडली चूक, मी विचारलं. चाळीस जणांत दोघींना, मॅडम म्हणाल्या, आणि त्या दोघींबद्दल सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. लातूरला मशीन नाही. तिथं पोरी डोळे मिटून छातीशी बोटं धरतात. एक बोट म्हणजे ए, दोन म्हणजे बी.

"मीट डोळे," मॅडम मला म्हणाल्या. "सातवा प्रश्न. आज इचारला तर?"

मी डोळे मिटले. कुठल्यातरी गाडीचा कंडक्टर उदगीर, उदगीर ओरडत होता. मला चार बोटं, म्हणजे नेहमी, दाखवायची होती. फार दाखवायची होती. पण प्रश्न परीक्षेचा होता. मॅडमनी शिकवलेलं मला पेपरात कधी उपयोगी पडलं, ते मी एकेक करून आठवलं. एकदा पडलं होतं. तिसऱ्या वर्षाच्या एका चाचणीत पाठ केलेली सिद्धता मध्येच विसरले, आणि पुढच्या ओळी मी वरच्या ओळींवरून स्वतः काढल्या होत्या. तेवढंच. मी छातीशी दोन बोटं धरली, म्हणजे क्वचित.

डोळे उघडले तेव्हा मॅडम माझ्या हाताकडे बघत होत्या. त्यांनी माझी ती दोन बोटं आपल्या मुठीत घेतली, आणि मुखेडची गाडी लागेपर्यंत सोडली नाहीत.